झाकणाखालचा चोथा

मी एक जुना चोथा आहे. होय मित्रांनो, चहाचा चोथा. हसलात तरी चालेल. एखादा विषय बोलून बोलून बेचव झाला की लोक म्हणतात, पार चोथा झाला त्याचा. तेव्हा माझी किंमत माझ्या नावातच आली. पण बाकीच्या चोथ्यांचे आयुष्य गाळणीतून कचऱ्याच्या डब्यात आणि डब्यातून उकिरड्यावर असे सरळ जाते. माझे तसे गेले नाही. मी सध्या एका निळ्या पिंपात आहे. वर झाकण आहे आणि झाकणावर लोखंडी पट्टी आवळलेली आहे. आत उजेड येत नाही, वारा येत नाही. बाहेरचे आवाज तेवढे येतात, आणि ऐकण्यापलीकडे मला दुसरा उद्योग नाही.

कधीकाळी मी एका उतारावरच्या झुडपाचे कोवळे पान होतो. मला खुडले, सुकवले, चुरडले, पाकिटात कोंबले. मग आधणात टाकले. माझ्यातला रंग आणि वास कपात गेला आणि उरलो तो मी. याचे दुःख आम्ही चोथे करत नाही. उलट गाळणीत पडलो की आम्हाला आमचे खरे आयुष्य समोर दिसू लागते. घरात एखादी बागेची हौस असलेली बाई असली की ती आम्हाला कुंडीत टाकते. तिथे आम्ही हळूहळू कुजतो आणि माती होतो. कुजणे हा शब्द तुम्हाला आवडत नसेल, आम्हाला तो लग्नाच्या आमंत्रणासारखा वाटतो. मातीतून पान आणि पानातून पुन्हा माती, एवढीच आमची हौस.

ज्या गल्लीत मी उकळलो, तिच्या टोकाला, मालकांच्या घराला लागूनच, मुलाम्याचा एक लहान कारखाना होता. नळाच्या तोट्या, दाराच्या कड्या, सायकलींची हँडले तांब्याच्या तारेला टांगून हिरव्या पाण्याच्या टाकीत सोडायची, वीज चालू करायची आणि थोड्या वेळाने बाहेर काढायची. त्यांच्यावर निकेल नावाच्या धातूचा पातळ थर चढलेला असे आणि त्यात तोंड पाहून भांग पाडता येई. म्हणून मालकांना सगळी गल्ली लखलखराव म्हणे. लखलखरावांचे स्वतःचे हात मात्र मुळीच लखलखीत नव्हते. बोटांच्या बेचक्यांत लाल चट्टे, मनगटापर्यंत खाज. बोलता बोलता ते हात खाजवत आणि विचारले तर म्हणत, "धंद्याचा हात आहे, असाच असायचा."

चकचकीत झालेल्या वस्तू साध्या पाण्यात खळबळून धुवाव्या लागत. ते धुण्याचे पाणी फिकट हिरवे होई आणि मोरीतून गटारात, गटारातून मागच्या ओढ्यात जाई. गटाराच्या कडेचे गवत पिवळे आणि गटारातले पाणी हिरवे, असा तिथला उलटा कारभार होता. ओढ्यावर शेळ्या पाणी पीत, पोरे खेळत. गल्लीत कुजबुज होती, पण लखलखराव अडीअडचणीला धावणारा माणूस, त्यामुळे तोंडावर कोणी बोलत नसे.

बोलली ती त्यांची बायको. ती शाळेत रसायनशास्त्र शिकवायची, म्हणून तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत. एके दिवशी तिने धुण्याचे पाणी काचेच्या ग्लासात भरले आणि नवऱ्याच्या जेवणाच्या ताटाशेजारी ठेवले.

"हे काय?" लखलखरावांनी विचारले.

"तुम्ही रोज ओढ्याला पाजता ते. म्हटलं, एकदा घरात पण बघावं कसं दिसतं."

त्या दिवशी ते अर्धपोटी उठले. पाणी शुद्ध करायचा तयार कोळसा बाजारात मिळतो, पण तो वरचेवर बदलणे त्यांच्या आवाक्यातले नव्हते. तेव्हा मास्तरीणबाई म्हणाली की भाताची तुसे, लाकडाचा भुसा, शेंगांची टरफले, चहाचा चोथा, असल्या टाकाऊ वस्तूसुद्धा पाण्यातला धातू धरून ठेवतात. आपल्या गल्लीत यातले काय भरपूर आहे? लखलखरावांना विचार करावा लागला नाही. त्या गल्लीत माणसे श्वास कमी घेत आणि चहा जास्त.

चोथा गोळा करण्याचे काम आक्काकडे आले. आक्का म्हणजे लखलखरावांची थोरली बहीण. आईवडील लवकर गेल्यावर तिने त्यांना वाढवले, त्यांचे लग्न लावले, आणि स्वतःचे लावायचे राहून गेले. घरात तिचा शब्द शेवटचा असे. तिने घरोघरी पत्र्याचे डबे वाटले आणि सांगून ठेवले, "चहा प्या आणि चोथा मला द्या. साखर घातलेला असला तरी चालेल, पण दूध धुऊन काढा, मेलं नासतं." अशा एका डब्यात, शिंप्याच्या घरातून, मी कारखान्यात आलो. मला वाटले, आता कुंडी! मी इतका हरखलो होतो की काही विचारू नका.

कुंडी कुठली? आगीतून फुफाट्यात. मास्तरीणबाईने मला पुन्हा उकळले. ते पाणी फेकून पुन्हा उकळले. माझ्या अंगातून रंगाचा थेंबही निघेना, तोवर तिने आधण उतरवले नाही. आक्का दारातून पाहत होती. "अगं, एवढ्यात तर सगळ्या गल्लीचा आणखी एकेक कप निघाला असता," ती म्हणाली. मग मला गच्चीवर वाळवले, चाळले, आणि निळ्या पिंपात भरले. तळाला कापड, त्यावर वाळूचा थर, त्यावर मी, माझ्यावर पुन्हा मी. खाली तोटी. वरून धुण्याचे हिरवे पाणी थेंबथेंब पडू लागले.

मित्रांनो, तिथे माझ्यासोबत काय झाले ते नीट सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावरच आहे. लोक म्हणत, चोथा पाणी गाळतो. तसे नव्हते. निकेल पाण्यात साखरेसारखे विरघळलेले असते, ते कापडावर अडकत नाही. ते पाणी माझ्या अंगावरून जाताना निकेल माझ्या अंगाला चिकटे. गवतातून चालताना लोकरीच्या कपड्याला कुसळे चिकटतात ना, तसे. पाणी पुढे निघून जाई आणि कुसळे माझ्याकडे राहत. झटकायला मला हात नव्हते. आणि खरे सांगायचे तर माझे अंगच असे आहे की एकदा धरले की सोडत नाही.

तोटीतून पहिले पाणी आले ते काचेसारखे. लखलखरावांनी तोंडात बोटे घातली. आक्काने तर ओंजळ भरून पिण्यासाठी तोंडाकडे नेली, तेव्हा मास्तरीणबाईने तिचा हात धरला.

"अहो आक्का, वस्तू धुवायला चांगलं आहे. प्यायला नाही."

"का? दिसतंय तर देवाच्या डोळ्यासारखं."

"दिसण्यावर जाऊ नका."

त्यानंतर माझे कौतुकाचे दिवस आले. मास्तरीणबाई शाळेतल्या मुलामुलींना घेऊन आली. दुसरे मुलामावाले येऊन पिंपाभोवती फिरले आणि डोके खाजवून गेले. लखलखराव छाती फुगवून सांगत, "आमच्या गल्लीचा चहा आहे हा!" गटारातले पाणी नितळ झाले आणि कडेला हिरवे पाते दिसू लागले. सगळे पिंपाकडे बोट दाखवत आणि तोटीतल्या पाण्याचे कौतुक करत. आत हात घालून माझी विचारपूस करावी असे कोणाला सुचले नाही. मी वरच्या चोथ्याच्या वजनाने दबलेला, खालच्या वाळूवर टेकलेला, हलायला जागा नाही, अशा स्थितीत दिवसेंदिवस जड होत होतो. बाहेर शाबासकी चालली होती आणि आत तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

एक आशा मात्र होती. मास्तरीणबाई मुलांना सांगताना मी ऐकले होते. "हा चोथा भरला, की याला आंबट पाण्यानं, म्हणजे सौम्य आम्लानं धुवायचं. आम्ल लागलं की चोथा धातू सोडतो. तो धातू पुन्हा मुलाम्याच्या टाकीत जातो, आणि चोथा पुन्हा कामाला लागतो." म्हणजे माझी सुटका लिहिलेली होती. मी त्या आंबट पाण्याची वाट पाहत राहिलो.

पण ते यायच्या आधी मास्तरीणबाईच्या वडिलांचे हाड मोडले आणि तिला माहेरी जावे लागले. जाताना ती नवऱ्याला म्हणाली, "तोटीतून हिरवं यायला लागलं की पाणी थांबवा. आणि पिंपाला कुणी हात लावायचा नाही. मी आल्यावर बघते."

"हो, हो, हो," लखलखराव म्हणाले. तीनदा हो म्हणणाऱ्या माणसाने एकदाही ऐकलेले नसते, हे मला तेव्हा माहीत नव्हते.

माझ्या अंगावर तीळ ठेवायला जागा उरली नाही. वरून हिरवे येई आणि खालून हिरवेच जाई. मी धरायला जात होतो, पण धरू कशाने? एकदाचे लखलखरावांचे लक्ष गेले. त्यांनी पाणी बंद केले, काम थांबवले, आणि जेवताना आक्काला म्हणाले, "पिंपातला चोथा संपला बघ. आता काही कामाचा नाही राहिला." हात न लावण्याचे ते बोललेच नाहीत. त्यांच्या दृष्टीने चोथ्याला हात लावायला जाणार कोण?

आता मला आक्काच्या एका सवयीबद्दल सांगितले पाहिजे. आक्का कोणाचे भांडे कधी रिकामे परत पाठवत नसे. शेजारून वाटी आली की जाताना तिच्यात काहीतरी हवेच. घरात काही नसेल तर चिमूटभर साखर, तीही नसेल तर अंगणातले फूल. पोरक्या घराला गल्लीने एकेकाळी वाट्या भरभरून दिल्या होत्या, त्याची आठवण तिने अशी ठेवली होती. आणि त्या वेळी ओट्यावर सगळ्या गल्लीचे पत्र्याचे डबे रांगेत रिकामे उभे होते. आक्का येताजाता त्यांच्याकडे पाही आणि कासावीस होई. इतक्या घरांनी इतके दिवस दिले, आणि आपण परत काय पाठवायचे? नुसता पत्रा?

मग तिला पिंप आठवले. आत चोथाच होता. दिसायला काळा, वासाला ओलसर, हाताला नेहमीचाच. चोथ्याचे खत होते हे कोणाला माहीत नाही? तिने मला बाहेर काढले, चादरीवर वाळवले, आणि सगळे डबे काठोकाठ भरले. मी ओरडत होतो म्हणू का? चोथ्याला आवाज नसतो. तिचे हात माझ्यातून फिरत होते आणि तिला काहीच कळत नव्हते. दुसऱ्या दिवशी तिच्या बोटांवर लाल पुरळ उठला. तिने त्यावर तेल चोळले आणि डबे वाटायला निघाली.

शिंप्याचा डबा शिंप्याकडे गेला. शिंपीणबाई लांबलचक तापातून उठली होती. चेहरा कागदासारखा, जिना चढताना मध्येच बसायची. डॉक्टरांनी पालेभाज्या खायला सांगितल्या होत्या, म्हणून तिने खिडकीत एका जुन्या घमेल्यात पालक लावला होता. नवरा खाली मशीन चालवी आणि ती वर खिडकीत बसून पालकाशी बोले.

"घे गं," आक्का म्हणाली. "मुळाशी घाल. बघ कसा तरारतो."

"आक्का, तुमचा हात लागला म्हणजे झालंच."

आणि मित्रांनो, असा मी मातीत आलो.

पहिले काही दिवस मी सगळे विसरलो. माती गार होती. एक गांडूळ माझ्यातून वाट काढत गेले, तेव्हा मला गुदगुल्या झाल्या. सकाळी कोवळे ऊन घमेल्याच्या काठावरून आत उतरे. पालकाची पांढरी मुळे दोऱ्यासारखी पुढे आली आणि माझ्याभोवती गुंडाळली. ज्यासाठी गाळणीत पडल्यापासून झुरलो, ते मला मिळाले होते. मी कुजू लागलो होतो. मी सुखी होतो, हे मी लपवणार नाही. आयुष्यात तेवढेच दिवस मी सुखी होतो.

शिंपीणबाईला तोंडाला चव नव्हती म्हणून ती लिंबाचे सरबत पिई. पेला विसळून ते पाणी ती वाया घालवत नसे, घमेल्यात ओती. तो आंबटपणा मातीतून झिरपत माझ्यापर्यंत आला आणि माझी पकड सैल झाली. मास्तरीणबाईने सांगितले होते तेच घडत होते, फक्त टाकीत नाही, घमेल्यात. एवढे दिवस घट्ट धरलेले निकेल माझ्या अंगावरून सुटू लागले आणि समोरच, माझ्याभोवती गुंडाळलेल्या त्या पांढऱ्या मुळांत, जाऊ लागले. मी आवळून धरायचा प्रयत्न केला. आंबट पाण्यापुढे माझे काही चालेना. ज्या सुटकेची मी वाट पाहिली होती, ती अशी आली. मुळांना सांगू शकत नव्हतो की दूर व्हा, आणि मला तर तिथून तसूभर हलता येत नव्हते. पिंपात कोंडलेला असताना मला इतके कोंडल्यासारखे कधी वाटले नव्हते.

पाने फिकी पडू लागली. शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी. शिंपीणबाईला वाटले, खत कमी पडते आहे. तिने डब्यातला उरलेला चोथाही घातला. भाबड्या माणसाचा उपाय कधीकधी रोगापेक्षा पुढे धावतो. तरीही काही पाने मोठी झाली, आणि एका सकाळी तिने विळी काढली.

त्याच सकाळी मास्तरीणबाई माहेराहून परतली. खिडकी कारखान्याच्या समोरच होती, त्यामुळे मला सगळे ऐकू आले. तिने पिशवी खाली ठेवली, पिंपात डोकावली आणि विचारले, "चोथा कुठाय?"

"वाटला," आक्का कौतुकाने म्हणाली. "ज्याचा त्याला. कुंड्यांना घालायला."

मास्तरीणबाईने कपाळाला हात लावला. तेव्हा आक्काच बावरली. "का गं? पाण्यातली घाण तर गेली होती ना? तूच म्हणालीस, पाणी साफ झालं."

"पाण्यातनं गेली, आक्का. पण जाऊन जाऊन जाईल कुठं? ती चोथ्यातच बसली होती. हिरवं पाणी होतं ना, ते सगळं त्या चोथ्यात होतं."

लखलखराव स्वतःच्या हाताकडे पाहत होते. मग म्हणाले, "चूक माझी आहे. हिनं सांगितलं होतं हात लावू नका म्हणून. मी बोललोच नाही तुला."

"मी जाते घरोघरी," मास्तरीणबाई म्हणाली. "सांगते समजावून."

"तू नको," आक्का म्हणाली. "दिलं मी. आणते मीच."

मित्रांनो, आक्काने उभ्या आयुष्यात कोणाकडे काही मागितले नव्हते. दिलेले परत मागणे तर दूरच. गल्लीत तिला जो मान होता तो तिच्या देत्या हाताचा होता, आणि तोच हात आता तिला दारोदार पसरायचा होता. मी खिडकीतून पाहिले, ती ओट्यावरून उतरताना भिंतीला धरून उतरली. आणि सगळ्यात आधी शिंप्याचा जिना चढली, कारण खिडकीतली पाने कापलेली तिला खालूनच दिसली होती.

आत कढई शेगडीवर होती. शिंपीणबाई उलथन्याने पालक हलवत होती.

"आक्का! या, बसा. तुमच्याच कृपेचं आहे, दोन घास घेऊन जा."

आक्काने कढई धरली ती पदरानेसुद्धा नाही, उघड्या हाताने, आणि उतरवून खाली ठेवली. "खाऊ नकोस हे."

"अहो, काय करताय? हात भाजला ना!"

"भाजू दे. खाल्लंस का आधी? खरं सांग."

"नाही अजून. आजच तर तोडला. आक्का, काय झालंय?" आणि मग आक्काचा हात घमेल्याकडे जाताना पाहून तिचा स्वर बदलला. "हे कशाला उचलताय? मी लावलंय ते. एवढ्या दिवसांत हीच चार पानं बघून मी उठून बसत होते. दिलेलं परत नेतात का कुणी?"

"नेतात," आक्का म्हणाली. "विष दिलं असलं तर नेतात. त्या चोथ्यात कारखान्यातलं हिरवं पाणी होतं. मला कळलं नाही, आणि न विचारता मी वाटत सुटले. तुला बरं वाटावं म्हणून दिलं गं, आणि..."

खाली मशीन थांबले होते. शिंपी जिन्यात येऊन उभा होता. कोणीतरी रागावेल, ओरडेल, असे मला वाटले. शिंपीणबाईने कढईकडे पाहिले, आक्काच्या भाजलेल्या तळव्याकडे पाहिले, आणि उठून आधी गार पाण्याचे भांडे आणले. आक्काचा हात तिने त्यात धरून ठेवला. दोघीही रडत होत्या. मीही रडलो असतो, पण मी ओला असलो तरी ते पाणी माझे नसते.

सगळी दारे अशी मऊ नव्हती. कोणी म्हणाले, एवढ्याशा चोथ्याने काय होते. कोणी म्हणाले, आम्ही आता मुलाम्याचा कारखानाच बंद पाडू. पाववाल्याच्या दारात गुलाबाला चांगल्या कळ्या आल्या होत्या, तो ऐकेना. "चहा माझ्या घरचा, चोथा माझ्या घरचा, कुंडी माझी. तुमचं काय आहे यात?"

"चूक माझी आहे," आक्का म्हणाली. "दे इकडे."

त्याने दिली नाही. आक्का त्याच्या पायरीवर बसली. येणारी गिऱ्हाइके विचारू लागली, आक्का, इथे का बसलात? आणि आक्का प्रत्येकाला पहिल्यापासून सगळे सांगू लागली, स्वतःचा मूर्खपणा जराही न झाकता. शेवटी पाववाल्यानेच कुंडी तिच्या पुढ्यात आणून ठेवली आणि तो म्हणाला, "उठा आता. लोक पाव सोडून तुम्हालाच ऐकत बसलेत."

घराघरांतून मी परत गोळा झालो. यावेळी मी एकटा नव्हतो, माझ्यात माती होती, मुळे होती, पिवळी पाने होती, कढईतली भाजी होती. ते गांडूळही बहुधा होते, त्याचा विचार मी करत नाही. मास्तरीणबाईने मला चिमटीत घेऊन पाहिले आणि मान हलवली. माती मिसळलेला चोथा धुऊन धातू काढणे तिला जमण्यासारखे नव्हते. असला घातक कचरा मातीला लागणार नाही अशा बंद खड्ड्यात पुरायला नेणारी गाडी असते, पण ती मोठ्या कारखान्यांत जाते, छोट्यांच्या दारात कधी येईल त्याचा भरवसा नाही. तोवर काय? तोवर हे पिंप, हे झाकण, ही पट्टी. झाकण बसवताना आक्काने आत एकदा पाहिले. तिच्या हाताला फडके बांधलेले होते. मग अंधार झाला.

कारखाना बंद पडला नाही. शेजारी दुसरे पिंप आले, त्यात नवा चोथा आला. तो वेळेवर आंबट पाण्याने धुतला जातो, निकेल टाकीत परत जाते, आणि लखलखराव आता हातमोजे घालतात. आक्काच्या ओट्यावरून डबे रिकामेच परत जातात आणि गल्ली काही म्हणत नाही. शिंपीणबाईच्या खिडकीत नवे घमेले आहे. हे सगळे मी ऐकून सांगतो. कामगार चहा प्यायला माझ्याच झाकणावर बसतात. ताज्या चहाचा वास फटीतून येतो की काय असे मला वाटते, पण फट ठेवलेली नाही.

ती गाडी अजून आलेली नाही. इतकी वर्षे झाली की आत काय आहे हे सांगू शकणारी माणसे कमी झाली आहेत. परवा एका नव्या कामगाराने पिंपावर टिचकी मारली आणि म्हणाला, "मजबूत आहे. आतलं ओतून टाकू मागं आणि पाणी भरायला घेऊ."

आक्का आता काठी घेऊन चालते. ती ठक ठक करत आली. "हात काढ," ती म्हणाली. आणि पुन्हा पहिल्यापासून सगळे त्याला सांगितले. त्याने ऐकून घेतले. तो गेल्यावर ती बराच वेळ पिंपाला टेकून उभी राहिली. "मी आहे तोवर ठीक आहे रे," ती म्हणाली. "माझ्यामागं कोण सांगणार?" मित्रांनो, ती हे कोणाला म्हणाली असेल? तिथे दुसरे कोणी नव्हते.

म्हणून मी तुम्हाला हे सांगतो आहे. जुनी घड्याळे, जुनी झाडे, जुने वाडे तुम्हाला आपली कहाणी सांगून शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, आम्हाला पुन्हा उजेडात आणा. मला तसे म्हणता येत नाही. पाणी स्वच्छ झालेले पाहिलेत की टाळ्या जरूर वाजवा, पण घाण कोणाच्या अंगावर गेली हेही विचारा, आणि ज्याच्या अंगावर गेली त्याला विसरू नका. ती गाडी आणा. ती येईपर्यंत माझे झाकण उघडू नका, मला ओतू नका, आणि मी इथे का आहे हे तुमच्या धाकट्यांना सांगून ठेवा. बाहेर पाऊस पडला की पिंपाच्या तळाखालची जमीन ओली होते, आणि तिचा गारवा मला इथपर्यंत कळतो. मला मातीची ओढ अजून तेवढीच आहे. म्हणूनच हात जोडून सांगतो, मला तिच्यापासून दूर ठेवा.